केसतुडापासून मेंदूपर्यंत

नाकावर किंवा वरच्या ओठावर केसतूड झालं की हात आपोआप तिकडे जातो. पण ते पिळू नका. त्यातला पू बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचा असतो. नाकाभोवतालच्या शिरा डोळ्यामागून कवटीतल्या शिरांना मिळतात, आणि त्यांतलं रक्त उलटंही वाहू शकतं. ही वाट क्वचितची आहे, पण आहे. डोक्याची खोल जखम, मेंदूचं ऑपरेशन किंवा हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग यांतूनही हा जंतू मेंदूत पोचतो. रक्तातून आला तर एकाच वेळी अनेक गळवं होऊ शकतात. कान फुटल्यानेही मेंदूत गळू होतं, पण तिथे जंतू बहुधा दुसरे असतात.

या जंतूची खरी ताकद त्याच्या विषांत आहे. अल्फा विषाचे 7 रेणू पेशीच्या आवरणावर गोळा होतात, त्यांचं कडं बनतं आणि आवरणाला आरपार भोक पडतं. पेशी मरते. काही वाणांकडे 'पीव्हीएल' हे आणखी एक विष असतं. ते जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींनाच मारतं.

जंतू मेंदूत पोचला की पहिला आठवडाभर तिथला भाग नुसता सुजलेला असतो. तेव्हा निदान झालं तर कधी कधी औषधांवरच भागतं. दहाव्या दिवसाच्या सुमारास शरीर भोवती वेष्टन घालू लागतं आणि दोन आठवड्यांनी ते पक्कं होतं. त्याने उरलेला मेंदू वाचतो, पण औषधही आत पुरेसं शिरत नाही. म्हणून मोठं गळू, साधारण अडीच सेंटिमीटरच्या पुढचं, कवटीला भोक पाडून सुईने उपसतात.

उमरगा किंवा परंड्याच्या रुग्णाला मेंदूच्या ऑपरेशनसाठी सोलापूर-लातूर गाठायचं असेल, तर यातला एकेक दिवस मोलाचा. वाढत जाणारं डोकं दुखणं, उलट्या, आकडी, एका बाजूचा हात लुळा पडणं, ही लक्षणं तापाची वाट न बघता दाखवावीत; निम्म्या रुग्णांना ताप नसतोच. आधी सीटी स्कॅन किंवा एमआरआय होतो. पाठीतलं पाणी काढणं इथे जिवावर बेतू शकतं. स्कॅनवर गळवाची कडा गोल रिंगसारखी उजळते. टीबीची गाठही तशीच दिसते, म्हणून पू तपासायला पाठवतात. त्यावरूनच क्लॉक्सासिलिन चालेल की व्हॅन्कोमायसिन लागेल, हे ठरतं.

शिरेतून औषध 6 ते 8 आठवडे चालतं. आठवड्यात बरं वाटलं म्हणून सुट्टी मागू नये. औषध संपल्यावरही ती रिंग स्कॅनवर काही महिने दिसू शकते. रुग्ण सुधारत असेल आणि ती लहान होत असेल, तर तेवढ्यावरून डॉक्टर पुन्हा औषध सुरू करत नाहीत.