वयोवृद्ध हृदयरुग्ण आणि रक्तशर्करा : किती कमी, किती पुरेशी?

हिंगणी व परिसरातील गावांतून उपचारासाठी येणाऱ्या वयोवृद्ध हृदयरुग्णांचे आप्त एक प्रश्न हमखास विचारतात : साखर किती असावी? ती जितकी कमी तितकी चांगली, असा अनेकांचा समज असतो. हा समज सद्हेतूने बाळगलेला असला तरी सर्वस्वी बरोबर नाही. प्रसंगी तो जिवावर बेतू शकतो. म्हणून या विषयाची माहिती देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे ठेवणे अगत्याचे वाटते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिल्यास रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते, त्यांत मेदाचे थर साचतात आणि हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होत जातात. मधुमेहात मज्जातंतूही बधिर होत असल्याने हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. धाप, घाम वा अकस्मात आलेला थकवा एवढीच कधी त्याची खूण असते.

उपाशीपोटीची तपासणी म्हणजे, हिशेबाच्या भाषेत, त्या दिवसाची शिल्लक. एचबीएवनसी ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. सिकलसेलच्या रुग्णांत या पेशी लवकर नष्ट होतात व आकडा प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो. विदर्भात हा आजार बराच आढळत असल्याने तो असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमेरिका व कॅनडातील 'अ‍ॅकॉर्ड' या अभ्यासात हृदयविकार असलेल्या अथवा त्याचा मोठा धोका असलेल्या १०,२५१ मधुमेहींचा समावेश होता. निम्म्यांची एचबीएवनसी ६ च्या खाली आणण्याचा प्रयत्न झाला. या गटात हृदयविकाराचे काही झटके टळले, परंतु मृत्यू मात्र अधिक झाले : २५७, तर दुसऱ्या गटात २०३. त्यामुळे २००८ साली हे कडक उपचार मुदतीपूर्वी थांबविण्यात आले. त्याच वर्षी इंग्लंडमधील दीर्घ अभ्यासाने दुसरी बाजू दाखविली. मधुमेहाचे निदान होताच साखर आटोक्यात ठेवलेल्यांना अनेक वर्षांनंतरही हृदयविकारापासून काही संरक्षण मिळाले. तात्पर्य, लवकर केलेले नियंत्रण मुदत ठेवीप्रमाणे पुढे फळते. उतारवयात घाईने केलेली काटकसर मात्र अंगाशी येऊ शकते.

यास्तव प्रकृती ठणठणीत असलेल्या ज्येष्ठांसाठी एचबीएवनसी साधारण ७ ते ७.५ च्या आत, तर अनेक व्याधी असलेल्यांसाठी ८ च्या आत ठेवण्याची शिफारस केली जाते. प्रत्येक रुग्णाचे उद्दिष्ट त्याचे डॉक्टरच ठरवितात.

साखर ७० च्या खाली जाणे हे तातडीचे लक्षण समजावे. हृदयरुग्णांना दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमुळे अशा वेळी होणारी थरथर व धडधड जाणवत नाही. घाम मात्र सुटतो. घाम, गोंधळलेले बोलणे वा भोवळ आढळल्यास, रुग्ण शुद्धीवर असेल तर, तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी व डॉक्टरांना कळवावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. त्वरित रुग्णालयात आणावे. एकादशी, चतुर्थी वा नवरात्रातील उपवासापूर्वी औषधांची मात्रा विचारून घ्यावी. उपाशी राहून नेहमीची गोळी वा इन्शुलिन घेणे धोक्याचे आहे.

एकट्या साखरेवर हृदयाची सुरक्षितता अवलंबून नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू व खर्रा यांकडेही तितकेच लक्ष हवे.

देणगीदारांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, नियमित तपासणी व कुटुंबीयांचे समुपदेशन यांवर होणारा खर्च अहवालात लहान दिसतो. परंतु एखाद्या वृद्धाची रात्री अचानक बिघडणारी प्रकृती त्यामुळेच सावरली जाऊ शकते. आपल्या सहकार्याचे मोल याच ठिकाणी दिसून येते.