जुनी लहान मोटार घेतांना : आधीं बांधणी कीं आधीं भरंवसा?

ऊंसाचें बिल हातीं पडलें कीं आमच्या कळंब-वालचंदनगरच्या टापूंत बागाइतदारांच्या घरोघरीं चारचाकीचीं बोलणीं सुरू होतात. नवी गाडी घेण्याइतकी रक्कम मोकळी नसते, आणि नव्या गाडीची किंमत पहिल्या दोन-तीन वर्षांतच पुष्कळ उतरते हेंहि आतां सर्वांस ठाऊक झालें आहे. त्यामुळें पुष्कळांचा कल वापरलेली लहान एस.यू.व्ही. घेण्याकडे असतो. पाणंद रस्त्यावर जिचें पोट घासत नाहीं, वाड्यापुढील आटोपशीर जागेंत जी उभी राहते आणि घरचीं पांच माणसें जींत बसतात, अशी ही गाडी शेतकऱ्यास सोयीची आहे यांत शंका नाहीं.

मात्र ती निवडतांना दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "गाडी वाटेंत बंद पडतां कामा नये, बाकी सर्व दुय्यम." दुसरा म्हणतो, "पत्रा मजबूत पाहिजे. जीव राहिला तर गाडी दुरुस्त करतां येईल." माझ्या ओट्यावर हा वाद अनेकदां रंगला आहे. मी यंत्रविद्येंतला तज्ज्ञ नव्हे. माझी हयात महसूल खात्याच्या कारकुनींत गेली. तथापि कागद आणि वस्तु यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहण्याची संवय त्या नोकरीनें लाविली, आणि ती संवय घरच्या व्यवहारांत न वापरल्यामुळें मीं एकदां चांगलाच फसलों. म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

सात वर्षांपूर्वीं मीं एक वापरलेली गाडी घेतली. तिचें नांव येथें सांगण्याचें कारण नाहीं. दार लावलें म्हणजे तिजोरीसारखा जड आवाज येई, आणि त्या आवाजावरच मीं भुललों. पुढें ऐन गाळप हंगामांत एके रात्रीं थोरल्या बंधूंच्या छातींत कळ आली. त्यांस गाडींत निजवून आम्ही बारामतीकडे निघालों. जंक्शन ओलांडल्यावर समोरच्या फळीवर पिवळा दिवा लागला, गाडीचा जोर गेला आणि ती बैलगाडीच्या चालीनें सरपटूं लागली. अखेर मागून आलेल्या एका सद्गृहस्थानें आपल्या जुन्या, हलक्या पत्र्याच्या मोटारींतून आम्हांस दवाखान्यांत पोंचविलें. बंधु वांचले, परंतु डॉक्टर म्हणाले कीं आणखी उशीर झाला असता तर कठीण होतें. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रीनें गाडी तपासली आणि तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, पत्रा जाड आहे हें खरें, पण ह्या गाडीची मागली सर्व्हिस कोणी केली, केव्हां केली, हें तुम्हीं विचारलें होतें काय?" मीं विचारलें नव्हतें. दुसऱ्याच्या जमिनीचे फेरफार तपासण्यांत ज्याचें आयुष्य गेलें, त्यानें आपल्या गाडीचें पूर्ववृत्त पाहूं नये, याची लाज मला अद्याप वाटते.

आतां मूळ विषयाकडे वळूं. ह्या गाड्या चार मीटरांच्या आंत कां असतात, तें प्रथम सांगितलें पाहिजे. २००६ सालच्या केंद्रीय अर्थसंकल्पानें चार मीटरांपेक्षां कमी लांबीच्या, आणि पेट्रोलचें इंजिन १२०० व डिझेलचें १५०० घनसेंटिमीटरांच्या आंत असलेल्या मोटारींवरील उत्पादन-शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलें. ह्या सवलतीसाठीं कारखानदारांनीं गाड्या आंखडल्या. आपल्या भागाचा ह्या इतिहासाशीं एक धागा जुळलेला आहे. ज्यांनीं कळंबच्या माळावर वालचंदनगर वसविलें, त्या शेठ वालचंद हिराचंद यांनींच १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. आणि त्याच प्रीमियर कंपनीनें २००९ सालीं चिंचवडच्या कारखान्यांतून 'रिओ' नांवाची लहान एस.यू.व्ही. काढली. आज ती निघत नाहीं. पुढें २०१३ सालीं फोर्डची इकोस्पोर्ट, २०१६ सालीं मारुतीची व्हिटारा ब्रेझा, २०१७ सालीं आपल्याच जिल्ह्यांत रांजणगांव येथें बनणारी टाटांची नेक्सॉन, आणि २०१९ सालीं महिंद्रांची एक्सयूव्ही ३०० व ह्युंदाईची व्हेन्यू अशा गाड्या आल्या. जुन्या बाजारांत आज आपल्यापुढें मुख्यतः ह्याच उभ्या राहतात.

बांधणी म्हणजे पत्र्याची जाडी, ही समजूत पहिल्यानें सोडून दिली पाहिजे. वरचा पत्रा हा घराच्या गिलाव्यासारखा आहे. घर उभें राहतें तें खांब-तुळयांवर. गाडीचे खांब, तुळया आणि पाया मिळून एक पिंजरा होतो. टक्कर झाली असतां नाकाचा भाग चुरडून आघात खाऊन टाकावा आणि माणसें बसतात तो पिंजरा शाबूत राहावा, हीच खरी बांधणी. तेव्हां नाक चुरडलें म्हणून गाडी कच्ची, असें म्हणणें बरोबर नाहीं. दाराचा जड आवाजहि पुष्कळदां रबराचा आणि कुलुपाचा असतो.

ही बांधणी आपल्यास डोळ्यांनीं दिसत नाहीं; म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा दाखला पाहावा लागतो. ग्लोबल एन्‌कॅप ह्या संस्थेनें २०१४ पासून भारतीय गाड्या ताशीं ६४ किलोमीटर वेगानें, पुढील बाजूचा एक भाग अडथळ्यावर आदळवून तपासल्या. २०१८ सालीं ब्रेझास प्रौढांच्या सुरक्षिततेकरितां ४ तारे मिळाले. नेक्सॉनला त्याच वर्षीं ऑगस्टांत ४ आणि सुधारणा केल्यावर डिसेंबरांत ५ तारे मिळाले. २०२० च्या जानेवारींत एक्सयूव्ही ३०० लाहि ५ मिळाले. येथें जुनी गाडी घेणाऱ्यानें दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली ही कीं तारे ज्या घडणीच्या गाडीस मिळाले तिलाच ते लागू. २०१७ च्या नेक्सॉनला डिसेंबर २०१८ चा दाखला लावणें म्हणजे एका गटाचा उतारा दुसऱ्या गटास जोडण्यासारखें आहे. दुसरी ही कीं २०२२ नंतर ही परीक्षा अधिक कडक झाली, आणि २०२३ पासून भारत एन्‌कॅप ही आपली स्वतःची परीक्षा सुरू झाली. म्हणून जुने तारे आणि नवे तारे एकाच मापानें मोजूं नयेत. शिवाय चालकापुढील एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि शेजारच्या आसनाची चालू घडणीच्या गाड्यांस ३१ डिसेंबर २०२१ पासून. त्यापूर्वींच्या स्वस्त प्रतींत एअरबॅग आहे कीं नाहीं, हें प्रत्यक्ष पाहूनच ठरवावें.

आतां भरंवसा. गाडी कमी बिघडणें हा त्याचा अर्धाच भाग. बिघडली तर जवळ सुटे भाग आणि जाणता मिस्त्री मिळणें हा दुसरा अर्धा. ब्रेझाच्या जुन्या डिझेल प्रतींत १.३ लिटरचें जें इंजिन आहे, तें मूळ फियाटचें असून अनेक गाड्यांत वापरलें गेलें. म्हणून तालुक्याच्या गांवींहि त्याची माहिती असलेला मिस्त्री मिळतो. त्यांत टायमिंगसाठीं सांखळी आहे. इकोस्पोर्टच्या १.५ लिटर डिझेलला पट्टा आहे. तो कंपनीनें सांगितलेल्या मुदतींत बदलला नाहीं आणि तुटला, तर इंजिनच मोडतें. इकोस्पोर्ट चालविण्यास भारदस्त गाडी. परंतु फोर्डनें सप्टेंबर २०२१ मध्यें भारतांतील मोटारी बनविणें थांबविण्याचें जाहीर केलें, हें किंमत ठरवितांना विसरतां येत नाहीं. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. लांबच्या प्रवासांत इंजिन तापून ती काजळी जळून जाते; पण ज्याची गाडी घर ते मळा आणि मळा ते सोसायटी एवढीच फिरते, त्याची गाळणी तुंबते. अशा गृहस्थानें पेट्रोलची गाडी घेणेंच शहाणपणाचें.

मग आधीं काय पाहावें? माझें मत असें : बांधणी हा उंबरठा समजावा, आणि भरंवसा ही निवड समजावी. जिच्या पिंजऱ्याविषयीं चांगला दाखला नाहीं, जींत निदान दोन एअरबॅगा आणि चाकें न अडकूं देणारे ए.बी.एस. ब्रेक नाहींत, ती कितीहि न बिघडणारी असो, दारांत आणूं नये. ह्या उंबरठ्यावरून ज्या दोन-चार गाड्या आंत येतील, त्यांमध्यें मात्र एका अधिक ताऱ्यासाठीं भरंवसा सोडूं नये. समजा, एका शेतकऱ्याजवळ सहा लाख रुपये आहेत. त्यानें साऱ्या सहा लाखांची पांच ताऱ्यांची थकलेली गाडी घेण्यापेक्षां, पांच लाखांची चार ताऱ्यांची, नीट राखलेली गाडी घ्यावी. आणि उरलेल्या रकमेंतून नवे टायर, ब्रेक, बॅटरी व विमा यांची तजवीज करावी. झिजलेल्या टायरांची पांच ताऱ्यांची गाडी पावसांत वेळेवर थांबत नाहीं.

जुन्या गाडीची आणखी एक गोम आहे. परीक्षा झाली ती नव्या गाडीची. आपल्यापुढें आहे ती एक विशिष्ट गाडी. मोठा अपघात होऊन जिचा पिंजरा कापून जोडला गेला, तिचे तारे त्या जोडांतच गेले. करितां खरेदीपूर्वीं, आपण बैलाचे दांत आणि चाल पाहतों त्याप्रमाणें, पुढील पाहणी दिवसाउजेडीं करावी :

१. बॉनेट व पुढील पत्रे यांच्या बोल्टांचा रंग उडालेला दिसल्यास ते उघडले गेले आहेत असें समजावें. डिकींतील स्टेपनी काढून खालचे वेल्डिंगचे ठिपके सारखे आहेत कीं नाहींत तें पाहावें.

२. किल्ली फिरवितांच एअरबॅगचा दिवा कांहीं क्षण लागून विझला पाहिजे. तो मुळींच न लागला तर कोणीतरी तो मुद्दाम काढला असण्याचा संभव आहे.

३. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून बाहेर काढावा. पुराच्या पाण्याची रेघ आणि गाळ तेथें राहतो. २०१९ च्या ऑगस्टांत सांगली-कोल्हापुरास महापूर आला. तशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या बाजारांत येतात.

४. टायरवरील शेवटचे चार अंक वाचावे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या म्हणविणाऱ्या गाडीचे पायडल गुळगुळीत झाले असतील, तर आंकडा मागें फिरविला आहे.

५. इंजिन थंड असतांच सुरू करावें; मालकानें आधींच तापवून ठेवलें असेल तर दुसऱ्या दिवशीं जावें. निळा धूर तेल जळत असल्याचा, काळा इंधन नीट न जळल्याचा, आणि न थांबणारा पांढरा पाणी आंत शिरत असल्याचा.

६. शेवटीं आपल्या ओळखीच्या मिस्त्रीस मजुरी देऊन संगणकावर गाडी तपासून घ्यावी. एजंटाचा मिस्त्री चालणार नाहीं.

कागदांविषयीं दोन शब्द. आर.सी. हा गाडीचा सातबारा होय. त्यावर बँकेचा बोजा असेल तर बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ घेऊन तो उतरवावा. नमुने २९ व ३० भरून बारामतीच्या परिवहन कार्यालयांत, म्हणजे एमएच ४२ कडे, नांव बदलून घ्यावें. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५० प्रमाणें त्याच राज्यांतील विक्रीची खबर विकणाऱ्यानें १४ दिवसांत व घेणाऱ्यानें ३० दिवसांत द्यावयाची आहे. विम्यावरील नांवहि १४ दिवसांत बदलण्यास अर्ज करावा. विकणाऱ्यानेंहि आळस करूं नये. नांव न बदललेल्या गाडीनें अपघात केल्यास नोंदलेला मालकच जबाबदार, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. विमा कंपनीकडे पूर्वीं नुकसानभरपाईचे दावे झाले होते काय, हेंहि विचारावें. मोठ्या अपघाताची खूण पुष्कळदां तेथें सांपडते.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि ताऱ्यांनीं सुटत नाहीं. गाळपाच्या दिवसांत आपल्या रस्त्यांवर ऊंसाच्या ट्रॉल्या रात्रीं मागच्या दिव्यावांचून चालतात. ट्रॉलीचा साठा गाडीच्या कांचेच्या उंचीस येतो. मागून धडक बसली असतां तो नाकावरून थेट आंत शिरतो आणि पिंजऱ्याचा उपयोग थोडाच होतो. तेथें उपयोगी पडतात ते स्वच्छ दिवे, चांगले ब्रेक आणि कमी वेग. आणि आपली स्वतःची ट्रॉली असेल, तर तिच्या मागें तांबडें परावर्तक लावणें ही शेजाऱ्याच्या जिवाची राखण आहे.

मीं ती जड दाराची गाडी पुढें विकली. घेणाऱ्यास तिचे सर्व दोष लिहून दिले आणि किंमत कमी घेतली. नव्या गाडीच्या खरेदीपूर्वीं तिची सर्व्हिसची वही मीं पानोपान वाचली, आणि बंधूंनीं शेजारीं बसून ती दुसऱ्यांदां वाचली. आतां रात्रीं-अपरात्रीं बारामतीस जावें लागलें तर मनांत धाकधूक नसते. हें समाधान आमच्या वाचकबंधूंसहि लाभावें, एवढ्याच हेतूनें हा लेख.