रीडायरेक्टवर भार किती? एपिसोडमधली एक दुरुस्ती

दोराने झाडावर चढण्याच्या एपिसोडचं हे लिखित रूप. पण आधी माझी चूक. बोलण्याच्या ओघात मी म्हणून गेलो की रीडायरेक्ट दोराला फक्त दिशा देतो, भार सगळा वरचा अँकर घेतो. साफ चुकीचं. हे ऐकून कुणी बारीक फांदीवर विसंबला तर जिवावर बेतेल.

रीडायरेक्ट लागतो कशाला? समजा, दोर खोडाजवळच्या उंच बेचक्यातून खाली आलाय आणि काम आहे फांदीच्या टोकाकडे. बाहेर सरकत जाल तसा दोर तिरका होतो आणि तुम्हाला मागे ओढतो. पाय सटकला की मोठा झोका, आणि समोर खोड! म्हणून वाटेत दुसऱ्या फांदीवर स्लिंग आणि पुली लावून दोर वळवायचा. मग तो जवळपास डोक्यावरून येतो. नुसत्या बेचक्यातूनही वळवता येतो, पण तिथे घर्षण वाढतं आणि साल सोलवटते.

आता गणित. तुम्ही आणि तुमचं सामान मिळून 70 किलो, दोर एकेरी, पुली चांगली. पुलीपाशी दोराच्या दोन बाजूंमध्ये 150 अंशांचा कोन असेल, म्हणजे वळण जेमतेम, तर त्या फांदीवर साधारण 36 किलो येतात. 120 अंशांना पूर्ण 70. 90 अंशांना 99! आणि दोन्ही बाजू समांतर झाल्या तर 140. दोराचं टोक खाली बुंध्याला बांधलं की वरच्या बेचक्यावर जवळपास दुप्पट भार येतो तो यामुळेच. (अकरावीच्या फिजिक्समधले व्हेक्टर. तेव्हा वाटायचं, याचा उपयोग काय!)

भार येतो त्या कोनाच्या बरोबर मधल्या दिशेने. तो फांदीला तिच्या लांबीत खोडाकडे दाबत असेल तर ती बरंच सोसते. आडवं वाकवत असेल तर तीच फांदी कडकन जाते. शिवाय कोन एकसारखा राहत नाही. टोकाकडे जाताना वळण कमी होतं, खोडाकडे परतताना वाढतं. जाताना टिकली म्हणून येताना टिकेलच असं नाही.

आणि तुटलीच तर? समजा, अँकर आणि पुली एकाच उंचीवर, मध्ये 3 मीटर अंतर, आणि तुम्ही पुलीच्या सरळ खाली 4 मीटरवर. दोर लागला 7 मीटर, पण अँकर ते तुम्ही हे सरळ अंतर 5 मीटरच. म्हणजे 2 मीटर दोर एकदम ढिला. त्याहून थोडं जास्तच पडाल, मग झोका सुरू, आणि तो थांबेपर्यंत तुम्ही आधीपेक्षा 3 मीटर खाली. पुलीवर वजन टाकण्याआधी या झोक्याची वाट नीट बघून घ्या: मध्ये खोड येतंय का, फांदीचा तुटका खुंट येतोय का. येत असेल तर दुसरी फांदी शोधा. पहिले प्रयोग जमिनीलगत करा, तेही शिकलेल्या माणसासोबत.

ऑडिओतला तो भाग कापून पुन्हा रेकॉर्ड करतोय. जुना डाउनलोड फोनमध्ये असेल तर डिलीट करा.