चहातले औषध

आपल्या गावात चहा नाही असे घर सापडत नाही. चहा घेतला की तरतरी येते. ही तरतरी चहातल्या कॅफीनमुळे येते. रुंगे या जर्मन शास्त्रज्ञाने १८१९ साली कॉफीच्या बियांतून कॅफीन वेगळे काढले. ते पांढरे व कडू असते. त्याला वास नसतो. थंड पाण्यात ते थोडे विरघळते, उकळत्या पाण्यात पुष्कळ. म्हणून चहा उकळला की ते पानातून पाण्यात उतरते.

हेच कॅफीन श्वासाचे औषध आहे. माझी बहीण अडीच महिने आधी जन्मली. वजन फक्त १ किलो ३०० ग्रॅम. तिला नगरच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवले होते. आपण झोपेतही श्वास घेतो, कारण मेंदू ते काम करून घेतो. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळाचा मेंदू कच्चा असतो. ते मधेच श्वास घ्यायचं विसरतं. कधी २० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबतो. तुम्ही वीस आकडे सावकाश मोजून बघा, म्हणजे आईला किती भ्या वाटलं असेल ते कळेल.

श्वास थांबला की नर्सबाई तळपायाला टिचकी मारायच्या. मग डॉक्टरांनी कॅफीन सायट्रेट सुरू केले. लिंबात जे आंबट आम्ल असते, ते कॅफीनबरोबर मिसळून हे औषध करतात. त्यामुळे ते पाण्यात चांगले विरघळते. ते मेंदूतल्या श्वासाच्या जागेला जागे ठेवते. मोठ्या माणसाच्या अंगातले निम्मे कॅफीन सुमारे ५ तासांत जाते, पण अशा बाळाच्या अंगातले निम्मे जायला सुमारे ४ दिवस लागतात. म्हणून रोज एकदाच डोस पुरतो.

आजी म्हणाली, "मग चहाचंच बोट चाटवू की!" नर्सबाई म्हणाल्या, "नको आजी. औषध बाळाच्या वजनावर मिलिग्रॅममध्ये मोजून देतात. चहात किती उतरलं ते कुणाला कळणार? जास्त झालं तर बाळाचं काळीज जोरात धडधडतं."

बहिणीचा मेंदू पक्का झाल्यावर औषध बंद केले. आता ती रांगते.

पालकांना विनंती आहे की, तान्ह्या बाळाला चहा देऊ नये. बाळाचा श्वास थांबला किंवा ओठ निळे पडले, तर तळपायाला टिचकी मारावी आणि लगेच १०८ नंबरला फोन करावा.

— इयत्ता ४ थी