अल्प किंमतीचा लॅपटॉप : शेतकऱ्याच्या घरीं कितपत उपयोगी?

अलीकडे मंडळीच्या सभेस जमणाऱ्या सभासदांकडून एक प्रश्न वारंवार विचारण्यांत येतो : पंधरा ते वीस हजार रुपयांत मिळणारा नवा लॅपटॉप घ्यावा कीं न घ्यावा? प्रश्न लहान दिसतो. परंतु कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरीं ही रक्कम म्हणजे एका हंगामाच्या बियाण्या-खताची बेगमी होय. ती एकदां गुंतली आणि यंत्र दोन वर्षांत निरुपयोगी झालें, तर नुकसान केवळ पैशाचें होत नाहीं. त्यांत सांठविलेले कागदही जातात. प्रस्तुत लेखकाची सारी नोकरी महसूल खात्यांत कागद जपण्यांत गेली असल्यामुळें ह्या दुसऱ्या नुकसानीविषयीं त्यास विशेष बोलावेंसें वाटतें.

प्रथम काम कोणतें तें ठरवावें, मग यंत्र पाहावें. सात-बारा व आठ-अ चे उतारे पाहणें, पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा उतरवून घेणें, फेरफार कोठवर आला तें पाहणें, ठिबकासाठीं किंवा अवजारासाठीं महाडीबीटीवर अर्ज करणें, पीकविम्याचा अर्ज भरणें, बँकेचें खातें तपासणें, मजुरीचा हिशेब ठेवणें, एखादें पत्र लिहून छापणें आणि मुलांचा अभ्यास, एवढींच बहुधा आपलीं कामें. ई-पीक पाहणी ह्या यादींत येत नाहीं. तींत पिकाचें छायाचित्र शेतांत उभें राहून काढावें लागतें, म्हणून ती मोबाइलवरच करावयाची. अर्थात् लॅपटॉप घेतल्यानें मोबाइल सुटतो, असें कोणीं समजूं नये.

ह्यांतील एकही काम जड नाहीं. मग स्वस्त यंत्र कां चालूं नये? चालतें, परंतु किती दिवस आणि कोणत्या अटीवर, हें समजण्यासाठीं त्याच्या पोटांतील तीन भाग ओळखले पाहिजेत. प्रोसेसर म्हणजे बैल. काम ओढणारा तो. रॅम म्हणजे खळें. चालू कामाचा माल पसरावयाची जागा. आणि सांठवण म्हणजे कणगी; काम संपल्यावर माल जेथें राहतो ती. बैल दमदार असला तरी खळें अरुंद असेल, तर एक पेंढी उचलल्याशिवाय दुसरी टाकतां येत नाहीं. दुकानदार बहुधा बैलाचीच तारीफ करतो. स्वस्त यंत्रांत अडचण बहुतेक खळ्याची व कणगीची असते.

उदाहरणार्थ, रिलायन्स जिओनें २०२३ सालीं १६,४९९ रुपयांस बाजारांत आणलेला जिओबुक घ्या. वजन ९९० ग्रॅम, पडदा ११.६ इंची, रॅम ४ गिगाबाइट, सांठवण ६४ गिगाबाइट, आंत ४-जी सिमची सोय, आणि चालक प्रणाली विंडोज नसून अँड्रॉइडवर बेतलेली कंपनीची स्वतःची. इंटरनेटवरचीं पानें उघडणें, अभ्यासाच्या चित्रफिती पाहणें, पत्र लिहिणें ह्यांस तें यंत्र पुरेसें होतें, आणि कोणी विद्यार्थ्यासाठीं घेतलें असेल तर त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु विंडोजसाठीं केलेले कार्यक्रम, जसें सोसायटीच्या हिशेबाचें टॅली, त्यावर बसत नाहींत. जो सभासद सोसायटीचा सचिव आहे किंवा व्यापाऱ्याशीं ज्याचा हिशेबी संबंध आहे, त्याला हा फरक पहिल्याच आठवड्यांत जाणवेल. केवळ उतारे काढणाऱ्याला कदाचित् कधींच जाणवणार नाहीं.

त्याच किंमतीच्या आसपास विंडोज असलेले लॅपटॉपही विकले जातात. त्यांच्या पाटीवर पुष्कळदां सेलेरॉन एन४०२० असें नांव आढळतें. हा प्रोसेसर २०१९ च्या अखेरचा, दोन गाभ्यांचा. बैलच म्हणावयाचा तर वासरूं म्हणावें. त्यासोबत बहुधा ४ गिगाबाइट रॅम व ६४ गिगाबाइट सांठवण असते. विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टनें घातलेली किमान अट नेमकी एवढीच आहे. किमान अट म्हणजे यंत्र चालूं होईल एवढीच हमी. काम सुखानें होईल ही नव्हे. विंडोज सुरू होतांच निम्मी रॅम व्यापून बसतें. उरलेल्या जागेंत एका बाजूस बँकेचें पान, दुसऱ्या बाजूस अर्जाचें पान आणि तिसरीकडे उताऱ्याची प्रत उघडली, कीं यंत्र विचारांत पडतें. शिवाय ६४ गिगाबाइटांपैकीं प्रत्यक्षांत साठाच्या आंतच हातीं येतात. त्यांतील पंचवीस-तीस विंडोजच घेतें, आणि पुढें येणाऱ्या सुधारणांना उतरण्यासाठींही मोकळी जागा लागते.

आमच्या शेजारच्या गांवीं एका बागायतदाराच्या मुलानें असेंच यंत्र घेतलें. पहिलें वर्ष ठीक गेलें. दुसऱ्या वर्षीं जुलैच्या अखेरीस, पीकविम्याच्या मुदतीच्या दिवशीं, यंत्र सुधारणा उतरवूं लागलें आणि सकाळपासून दुपारपर्यंत पडद्यावर चक्रच फिरत राहिलें. शेवटीं तालुक्याच्या सेवा केंद्रांत रांगेंत उभें राहून अर्ज भरावा लागला. यंत्र बिघडलें नव्हतें. त्याच्या शक्तीप्रमाणेंच तें चाललें होतें.

आतां कागदांविषयीं. अति स्वस्त यंत्रांत सांठवणीचा भाग ईएमएमसी नांवाचा असतो. तो एसएसडीपेक्षां मंद तर आहेच, परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट ही, कीं तो मुख्य पाटीवरच डाग देऊन पक्का बसविलेला असतो. पाटी जळाली, तर आंतील कागद काढणें सामान्य दुरुस्तीवाल्याच्या आवाक्यांतलें नसतें. एसएसडी बहुतेक यंत्रांतून सुटी निघते व दुसऱ्या यंत्रास जोडतां येते. पेटी मोडली तरी खण वांचतो, असा तो प्रकार. ज्यानें आजोबांचें खरेदीखत, वाटणीपत्र व जुने फेरफार यांचीं छायाचित्रें एकाच यंत्रांत ठेविलीं आणि मूळ कागद वाळवीच्या भरंवशावर माळ्यावर टाकले, त्याची गत काय होईल, हें सांगणें नको. आमच्या खात्यांत रेकॉर्डच्या खोलीस कुलूप असे आणि तरीही नक्कल दुसरीकडे असे.

ह्यास्तव नव्या यंत्रांत निदान ८ गिगाबाइट रॅम व २५६ गिगाबाइटची एसएसडी पाहावी. प्रोसेसर एन१०० असला तरी चालेल. तो २०२३ चा, चार गाभ्यांचा, व घरगुती कामास पुरतो. अडचण एवढीच, कीं २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव जगभर चढले असल्यामुळें असें नवें यंत्र वीस हजारांच्या आंत मिळणें कठीण झालें आहे. ४ गिगाबाइटचें घेऊन पुढें वाढवूं, असा बेत असल्यास रॅम वाढवितां येते कीं तीही डाग दिलेली आहे, हें आधींच लेखी विचारावें. जाहिरातींत 'एक टेराबाइट क्लाउड' असें मोठ्या अक्षरांत लिहिलेलें असतें. ती जागा यंत्रांत नसून कंपनीच्या दूरच्या गोदामांत, तीही बहुधा मुदतीची.

दुसरा मार्ग जुन्या यंत्राचा. मोठ्या कचेऱ्या तीन-चार वर्षांनीं आपले लॅपटॉप बदलतात आणि ते शहरांतल्या दुकानांतून साफसूफ होऊन विक्रीस येतात. माझ्या मतें नव्या कमकुवत यंत्रापेक्षां असें जुनें मजबूत यंत्र शेतकऱ्याच्या घरीं अधिक टिकतें. पण पारख पाहिजे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, आणि विंडोज ११ साठीं इंटेलचा कोअर प्रोसेसर सामान्यतः आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणून त्यापूर्वीचीं यंत्रें आज फार स्वस्त विकलीं जात आहेत. पिढी नांवावरूनच कळते : आय५-८२५०यू ह्यांतील आडव्या रेघेनंतरचा ८ हा आंकडा आठवी पिढी दर्शवितो, तेथें ६ असेल तर सौदा सोडावा. बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच देतें. त्यांतील डिझाइन कपॅसिटी व फुल चार्ज कपॅसिटी हे दोन आंकडे दुकानांतच काढून दाखवावयास सांगावे. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर असेल, तर नव्या बॅटरीची किंमत भावांतून वजा करावी. बैलाचे दांत पाहिल्याशिवाय आपण दावें सोडीत नाहीं, तेंच येथें.

क्रोमबुकविषयीं थोडेंच. त्यास कमी रॅम पुरते, परंतु विंडोजचे कार्यक्रम तेथेंही चालत नाहींत. आणि सुधारणा मिळण्याची मुदत आपण यंत्र घेतलें त्या दिवसापासून नव्हे, तर त्याचा मूळ नमुना बाजारांत आला तेव्हांपासून मोजतात. दुकानांत वर्षभर पडून असलेलें यंत्र म्हणजे तितकी मुदत कमीच.

पडदा बाजूनें व वरून पाहून घ्यावा. हलक्या प्रतीच्या पडद्यावर मान थोडी कलली, कीं अक्षरें फिकट होतात, आणि गट क्रमांकांतील ३ चा ८ दिसावयास वेळ लागत नाहीं. मराठी लिहिण्याची सोय विंडोजमध्यें आहेच, वेगळे पैसे देऊं नयेत. मात्र कळांवर देवनागरी अक्षरें छापलेलीं नसतात, म्हणून इन्स्क्रिप्टची मांडणी पंधरा-वीस दिवस हातीं बसवावी लागते. युनिकोडांत लिहिलेलें पत्र सर्वत्र वाचतां येतें. जुन्या ठशांत लिहिलेलें पत्र तो ठसा नसलेल्या यंत्रावर निव्वळ चिन्हांची रास दिसतें.

ज्याचें काम वर्षांतून चार उतारे व दोन अर्ज एवढेंच आहे, त्यानें लॅपटॉप न घेतां मोबाइल व सेवा केंद्र यांवरच भागवावें. ज्याच्या घरीं कॉलेजांत जाणारें मूल आहे, किंवा ज्याच्याकडे सोसायटीचे, बागेचे अथवा दुधाचे हिशेब आहेत, त्यानें वीस हजारांचें नवें कमकुवत यंत्र न घेतां त्याच पैशांत आठव्या पिढीपुढील जुनें यंत्र पाहावें. घेतांना पावतीवर यंत्राचा क्रमांक, रॅम, एसएसडी व हमीची मुदत हीं चारही दुकानदाराच्या हातून लिहवून घ्यावीं. आणि घरीं आणतांच पहिल्या दिवशीं दोन पेन-ड्राइव्ह आणून कागदांच्या नकला त्यांत उतरवाव्या. एक आपल्या पेटींत, दुसरा वेगळ्या घरीं राहणाऱ्या भावाकडे ठेवावा, आणि दर दिवाळीस दोन्ही यंत्रास लावून उघडतात कीं नाहीं तें पाहावें.