कोणतं सर्टिफिकेशन करू?

गेल्या गणपतीतली गोष्ट. एडिसनमध्ये एका मित्राकडे आरती झाली, आणि प्रसादाची वाटी हातात देता देता त्याची बायको म्हणाली, "दादा, मी पीएमपी करू की एडब्ल्यूएस?"

आयटीतला माणूस दिसला की हा प्रश्न येतोच. पण तिच्या प्रश्नामागे बरंच काही होतं. पुण्यात पाच वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, मग लग्न, एच-फोर व्हिसा, दोन मुलं आणि नऊ वर्षं घरी. आता नुकतंच हातात ईएडी कार्ड आलेलं. एका क्लासवाल्यानं तिला सांगितलं होतं, "तीन हजार डॉलर भरा, तीन सर्टिफिकेशन्स करून घेतो, नोकरीची खात्री. रेझ्युमेवर इथला सात वर्षांचा अनुभवही आम्हीच लिहून देऊ."

हे ऐकून मला माझंच २००१ साल आठवलं. डॉटकॉमचा फुगा फुटला होता, मी पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. सगळे एमसीएसई करत होते, म्हणून मीही केलं. बाबांनी पीएफमधून पैसे काढून दिले. डम्प, म्हणजे फुटलेले प्रश्न, पाठ करून मी परीक्षा पास झालो. पहिल्याच मुलाखतीत विचारलं, "सर्व्हर सुरू होत नाहीये, आधी काय बघाल?" मला एक शब्द सुचला नाही. सर्टिफिकेट फाइलमध्ये होतं, काम डोक्यात नव्हतं. पुढे २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एमसीएसई बंदच केलं.

म्हणून मी तिला नाव सुचवलं नाही. म्हटलं, आधी तुला हव्या असलेल्या कामाच्या पंचवीस जाहिराती वाच. आपल्या जवळपासच्या, गेल्या महिन्याभरातल्या. वहीत दोन रकाने कर. एकात "पाहिजेच" असं लिहिलेलं, दुसऱ्यात "असल्यास उत्तम". मग बोलू.

तुम्हीही हेच करा, कारण उत्तर जागेप्रमाणे बदलतं. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या श्रोत्यांना तिथल्या जाहिरातींत प्रिन्स-टू आणि आयटिल ही नावं जास्त भेटतील, कारण दोन्हींचा जन्म ब्रिटिश सरकारी कामातून झाला. इथे अमेरिकेत प्रोजेक्ट मॅनेजरसाठी पीएमपी विचारतात. आणखी एक खाचखळगा सांगतो. सिक्युरिटी प्लसची मागणी इथे भरपूर दिसते. त्यातल्या बऱ्याच जागा संरक्षण खात्याच्या कंत्राटांवरच्या असतात, कारण त्या खात्यालाच अशी सर्टिफिकेशन्स लागतात. पण त्याच जाहिरातीत खाली एक ओळ असते: अमेरिकन नागरिकत्व आवश्यक. व्हिसावर असाल तर ती ओळ आधी वाचा, फी नंतर भरा.

आता सर्टिफिकेशन्सचे साधारण तीन प्रकार समजून घेऊ.

पहिला, तोंडओळखीचा. एडब्ल्यूएस क्लाउड प्रॅक्टिशनर, मायक्रोसॉफ्टचं अझ्युअर फंडामेंटल्स. परीक्षेचा खर्च शंभर डॉलरच्या आसपास. मोठ्या खंडानंतर परतणाऱ्याला आत्मविश्वास येतो आणि मुलाखतीतली भाषा कळते. पण निव्वळ यावर नोकरी मिळेल अशी आशा धरू नका.

दुसरा, हातानं काम करणाऱ्याचा. नेटवर्किंगसाठी सिस्कोचं सीसीएनए, ३०० डॉलर. क्लाउडसाठी एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट, १५० डॉलर. ही करताना घरी खरोखर काहीतरी उभं करून, मोडून, पुन्हा उभं करावं लागतं. खरा फायदा त्या मोडण्यातच आहे.

तिसरा, अनुभवाचा. पीएमपीला चार वर्षांची पदवी असेल तर ३६ महिने प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण लागतं, आणि तो अनुभव फार जुना चालत नाही. सायबर सिक्युरिटीतल्या सीआयएसएसपीला पाच वर्षांचा अनुभव लागतो, पदवीमुळे त्यात एक वर्षाची सूट मिळू शकते. म्हणजे ही सर्टिफिकेट्स तुम्हाला अनुभव देत नाहीत, असलेल्या अनुभवावर शिक्का मारतात. अनुभव नसताना यांच्या मागे लागणं म्हणजे पाया खणण्याआधी कळस घडवायला टाकणं.

पैशाचा हिशेब करताना फक्त परीक्षेची फी धरू नका. एडब्ल्यूएस, सीसीएनए, सिक्युरिटी प्लस यांची मुदत तीन वर्षं. पीएमपी टिकवायला तीन वर्षांत ६० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. सीआयएसएसपीला १२० तास, वर दरवर्षीची वेगळी फी. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची सर्टिफिकेशन्स दरवर्षी नव्यानं करावी लागतात, पण ते घरबसल्या आणि फुकट होतं. नोकरीत असाल तर आधी एचआरला विचारा. बऱ्याच कंपन्या फी परत देतात आणि आपण विचारतच नाही.

आता त्या क्लासबद्दल. नोकरीची खात्री कोणतीही परीक्षा देत नाही. आणि खोटा अनुभव? मंडळी, आपल्यात हे चालतं, आपण सगळे जाणतो आणि गप्प बसतो. पण कंपन्या जुन्या नोकऱ्या पडताळून बघतात. पकडलं गेलं तर नोकरी जाते, नावही जातं. व्हिसा किंवा ग्रीन कार्डच्या कागदांत तोच खोटेपणा उतरला तर सगळं घर अडचणीत येतं. डम्पचंही तसंच. उघडकीला आलं तर सर्टिफिकेट रद्द होतं.

मित्राच्या बायकोनं पंचवीस जाहिराती वाचल्या. टेस्टिंगच्या त्या जागांमध्ये पीएमपी जवळजवळ कुठेच नव्हतं. तसंही पुण्यात तिनं प्रोजेक्ट चालवलेला नव्हता, त्यामुळे अर्जच बसला नसता. बहुतेक ठिकाणी ऑटोमेशन हवं होतं: पायथॉन, सेलेनियम. काही ठिकाणी "असल्यास उत्तम"मध्ये आयएसटीक्यूबी. वही बघून तीच म्हणाली, "दादा, मला आधी शिकायला हवं, परीक्षा नंतर."

मुलं शाळेत गेली की रोज दोन तास. आमच्या मराठी शाळेची नावनोंदणीची वेबसाइट आहे, तिची परवानगी घेऊन तिनं ऑटोमेशन टेस्ट लिहिल्या. दोन खऱ्या चुका सापडल्या. त्यातल्या एका चुकीमुळे एकाच मुलाची दोनदा नोंद होत होती. हे काम तिनं गिटहबवर ठेवलं आणि मग आयएसटीक्यूबी फाउंडेशनची परीक्षा दिली. चाळीस प्रश्न, एक तास, आणि ते सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. रेझ्युमेवर नऊ वर्षांचा खंड खंड म्हणूनच लिहिला.

नोकरी अजून लागलेली नाही. बाजार कठीण आहे, उगाच गोड बोलणार नाही. आतापर्यंत दोन मुलाखती झाल्या. सर्टिफिकेटबद्दल एका ठिकाणी एक प्रश्न आला. मराठी शाळेच्या त्या दुहेरी नोंदीबद्दल मात्र दोन्हीकडे बराच वेळ बोलणं झालं. परवा फोनवर म्हणाली, "दादा, नऊ वर्षांनी कुणीतरी मला माझ्या कामाबद्दल विचारलं, आणि मला उत्तर येत होतं."

२००१ साली माझ्याकडे सर्टिफिकेट होतं, पण उत्तर नव्हतं. म्हणून या शनिवारी चहा घेऊन बसा, पंचवीस जाहिराती वाचा, वहीत दोन रकाने करा. घरात कुणी परत कामाला लागायचं म्हणत असेल, तर त्यांच्याही शेजारी बसा. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.