सहा आठवडे, रोजचा एक तास आणि एनक्लेक्स-पीएन

एपिसोडमधले आकडे चालता-चालता टिपता येत नाहीत अशी तुमची तक्रार असते, म्हणून बोललेलंच इथे जरा नीट लिहून ठेवतोय. आजचा विषय नर्सिंगचा. तुम्ही म्हणाल, हा कोडवाला कुठे घुसला? पण ही परीक्षा ज्या पद्धतीने माणसाला मोजते, तो भाग थेट आमच्या धंद्यातला आहे.

अमेरिकेत नर्सचे मुख्य परवाने दोन. एक आरएन, दुसरा एलपीएन, म्हणजे प्रॅक्टिकल नर्स (टेक्सास आणि कॅलिफोर्नियात त्यालाच एलव्हीएन म्हणतात). आपल्याकडून जीएनएम किंवा बीएस्सी करून गेलेल्या मुली बहुतेक आरएनची परीक्षा देतात, त्यामुळे दुसरीबद्दल मराठीत फार कोणी बोलत नाही. माझी मावसबहीण न्यू जर्सीत आहे. नर्सिंग होममध्ये असिस्टंट म्हणून संध्याकाळची पाळी, घरी दोन मुलं, आणि त्यातच तिने एलपीएनचा कोर्स पूर्ण केला. आता कामाच्या ठिकाणी तिच्यासाठी नर्सची जागा धरून ठेवलीय, पण परवान्याच्या अटीवर. परीक्षेची फी २०० डॉलर. नापास झाली तर किमान ४५ दिवस थांबायचं आणि २०० पुन्हा भरायचे. जागा तोपर्यंत कोण धरून ठेवणार?

ताईकडे सहा आठवडे होते. कामाच्या दिवशी एक तास, असे पाच दिवस, आणि रविवारी चार तास. एकूण ५४ तास. एवढ्यात ते जाडजूड पुस्तक पुन्हा वाचून होत नाही, हे आधी मान्य करून टाकलं. मग बघितलं की परीक्षा मोजते कशी.

भोपळ्याचं वजन करताना भाजीवाला काय करतो? एक किलोचं माप टाकतो. भोपळ्याचं पारडं खालीच राहिलं तर अर्ध्याचं वाढवतो, माप जड झालं तर काढून पावाचं टाकतो. एनक्लेक्स तसंच आहे. बरोबर आलं की पुढचा प्रश्न साधारण अवघड, चुकलं की जरा सोपा. तुम्हाला जमण्याची शक्यता निम्मी-निम्मी असेल असाच प्रश्न मशीन शोधत असतं. म्हणून हुशार मुलगीसुद्धा बाहेर येऊन "गेला पेपर" म्हणते. तिला जवळजवळ प्रत्येक प्रश्न तिच्या काठावरचाच मिळालेला असतो.

एप्रिल २०२३ पासून प्रश्न कमीत कमी ८५, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. त्यातले १५ प्रश्न नुसते चाचणीचे, गुण नसलेले, पण कुठले ते कळत नाही. पास की नापास याची ९५ टक्के खात्री झाली की मशीन बंद पडतं. त्यामुळे ८५ ला थांबलं म्हणजे पास किंवा १५० पर्यंत गेलं म्हणजे नापास, हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरचं ज्योतिष आहे. प्रश्न सोडून पुढे जाता येत नाही, मागे येता येत नाही. वेळ संपली आणि ८५ झालेले नसतील तर थेट नापास. झालेले असतील तर त्या क्षणीचा अंदाज धरतात. शेवटी घाईने ठोकत सुटलं की तोच अंदाज घसरतो. प्रश्नाला दोन मिनिटं धरा, १५० पुरतात.

आता तास कुठे घालायचे? २०२३ च्या टेस्ट प्लॅनमध्ये औषधांना १० ते १६ टक्के आहेत आणि मुली रात्र-रात्र औषधंच पाठ करतात. सगळ्यात मोठा वाटा आहे कोऑर्डिनेटेड केअरचा, १८ ते २४ टक्के. कोणतं काम कोणाचं, कोणाकडे आधी धावायचं, काय लगेच वर कळवायचं. आपल्या पाठांतराच्या सवयीला हा भाग अभ्यासच वाटत नाही!

उदाहरण घ्या. चार पेशंट आहेत: एकाला ड्रेसिंग बदलून हवंय, एकाचं ऑपरेशनचं दुखणं वाढलंय, एक घरी कधी सोडणार विचारतोय, आणि एक मधुमेही घामाघूम होऊन असंबद्ध बोलतोय. आधी शेवटचा, कारण साखर उतरल्याची ती खूण आहे. दुसरी गोष्ट, नव्या पेशंटची पहिली तपासणी आणि पहिलं शिकवणं आरएनचं काम. एलपीएन स्थिर पेशंट सांभाळते आणि शिकवलेलं पक्कं करून घेते. उत्तराच्या पर्यायात एलपीएन आरएनची कामं करताना दिसली की शंका घ्या.

ताईचा कार्यक्रम असा ठरला: रोज दहा प्रश्न वीस मिनिटांत, उरलेली चाळीस मिनिटं फक्त स्पष्टीकरणं वाचायला, बरोबर आलेल्यांचीसुद्धा. रविवारी ८५ प्रश्न एका बैठकीत, फोन दुसऱ्या खोलीत. सहा आठवड्यांत ८१० प्रश्न होतात. चुकलेल्या प्रत्येकासाठी मी तिला बग-ट्रॅकरसारखी शीट करून दिली, कारणाला तीनच पर्याय: माहीत नव्हतं, नीट वाचलं नाही, दोनमध्ये अडकले. दोन आठवड्यांनी तिसरा रकाना सगळ्यात लांब निघाला. म्हणजे तिला वाचन नको होतं, निवडण्याचा सराव हवा होता. "लागू असलेले सगळे निवडा" या प्रश्नांत चुकीच्या निवडीला एक गुण वजा होतो (शून्याखाली जात नाही), म्हणून तिथे खात्री नसलेला पर्याय "असू दे" म्हणून टिकमार्क करायचा नाही.

पाठांतर लागतंच, पण थोडं. क्षय, गोवर, कांजिण्या हवेतून पसरतात, तिथे एन-९५. सी-डिफला साबण-पाणीच, सॅनिटायझरने त्याचे बीजाणू मरत नाहीत. डिगॉक्सिन देण्याआधी मोठ्या माणसाची नाडी छातीवर पूर्ण एक मिनिट मोजायची, ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून कळवायचं. असली यादी बसमध्ये होते, त्यासाठी टेबल-खुर्ची नको.

आणि एक खास आपल्या लोकांसाठी. ओळखपत्रावरचं नाव आणि परीक्षेच्या परवानगीपत्रावरचं नाव जुळलं नाही तर आत सोडत नाहीत. आपल्याकडे पासपोर्टवर नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव कधी माहेरचं तर कधी सासरचं. हे नोंदणी करतानाच तपासा, आदल्या रात्री नाही. ताईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, ड्रायव्हिंग लायसन्सवर सासरचं. तिने लायसन्सप्रमाणे नोंदणी केलीय, त्यामुळे पुढच्या गुरुवारी पासपोर्ट घरीच राहणार.